मुलांच्या वाट्याचं ‘कुर्बान’

बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशू परूश्यांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुद्यांना, एका पळवाटेबद्दल धारेवर धरतो. म्हाताऱ्या आईबापांना जे द्यायचं ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असं एकदा जाहीर केलं की मुलगा जबाबदारीतून मोकळा, अशी ती रीत होती. देवाचं नाव पुढे करायचं आणि माणसाचं देणं बुडवायचं. परदेशात शिकवायला जाणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांत हीच गोष्ट पुष्कळदा उलट्या बाजूने घडते. मुलांना जे द्यायचं ते आईबाप देवाला अर्पण करून टाकतात आणि मंडळी, म्हणजे त्यांचं चर्च, त्याला त्याग म्हणते.

पाचारण, म्हणजे सेवेसाठी देवाची हाक, आईबापांना आलेलं असतं. मुलाची शाळा, त्याची भाषा, सुरक्षितता आणि परत जायची जागा या चार गोष्टी आधी बाजूला काढून ठेवायच्या आणि उरलेल्यात सेवा बसवायची, असा क्रम हवा. नोकरी देणाऱ्या शाळेने आणि पाठवणाऱ्या मंडळीने हे कागदावर आणलं नसेल, तर तो करार सही करण्याजोगा नाही.

दुखणं जुनं आहे. ब्रिटिश मिशनरी हडसन टेलर यांनी १८६५ साली स्थापन केलेल्या चायना इनलँड मिशनने १८८१ मध्ये चीनच्या किनाऱ्यावर चीफू इथे, म्हणजे आजच्या यांताईमध्ये, मिशनऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. आईबाप आतल्या प्रांतांत, मुलं समुद्रकाठी. सहा-सात वर्षांचं पोर शाळेत पोहोचलं की पुढची भेट कित्येक महिन्यांनी, कधी त्याहूनही उशिरा. शिक्षण उत्तम होतं, यात शंका नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानी लष्कराने शाळा ताब्यात घेतली आणि १९४३ मध्ये तिथली मुलं आणि शिक्षक वेइशिएनच्या नजरकैदेच्या छावणीत गेले. १७ ऑगस्ट १९४५ रोजी अमेरिकी छत्रीधारी सैनिक उतरेपर्यंत ती छावणी हेच त्यांचं घर होतं.

त्याच छावणीत एरिक लिडेल होते. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवारी धावायचं नाही म्हणून शंभर मीटरची शर्यत सोडणारे आणि चारशे मीटरचं सुवर्णपदक मिळवणारे म्हणून जग त्यांना ओळखतं. पण ते शिक्षक होते; १९२५ पासून तिएनजिनच्या कॉलेजात विज्ञान शिकवत. त्यांचा जन्मही त्याच शहरातला, १९०२चा. सहा वर्षांचे असताना मिशनरी आईबापांनी त्यांना भावासह इंग्लंडमध्ये मिशनऱ्यांच्या मुलांच्या निवासी शाळेत ठेवलं होतं. १९४१ मध्ये धोका ओळखून त्यांनी गरोदर पत्नीला आणि दोन मुलींना कॅनडाला पाठवलं आणि स्वतः मागे राहिले. छावणीत ते दुसऱ्यांच्या मुलांना विज्ञान शिकवत, त्यांचे खेळ घेत. मुलं त्यांना ‘अंकल एरिक’ म्हणत. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी मेंदूतल्या गाठीने ते गेले. धाकट्या मुलीचा चेहरा त्यांनी कधी प्रत्यक्ष पाहिला नाही.

या माणसाबद्दल आदराशिवाय दुसरं काही वाटत नाही. पण उपदेशांतून ही गोष्ट नेहमी त्यांच्या बाजूने सांगितली जाते. ती एकदा त्या तीन मुलींच्या बाजूने सांगून पाहावी.

लहान मुलांना सक्तीने लांब ठेवण्याची पद्धत आता बरीचशी मोडली. आईबाप आणि मुलं एकाच शाळेत जातात, म्हणून प्रश्न सुटला असं वाटतं. प्रत्यक्षात तो कराराच्या बारीक अक्षरांत जाऊन बसला आहे.

‘शिक्षकांच्या मुलांना फी माफ’ हे वाक्य जाहिरातीत असतंच. माफ होतं ते बहुधा फक्त शिक्षणशुल्क. नोंदणी, इमारत निधी, बस, जेवण, गणवेश, सहली आणि शेवटच्या वर्षांची परीक्षा फी वेगळी. माफी पन्नास टक्के की शंभर, हे आकड्यात विचारावं. किती मुलांना, हेही विचारावं. दोनाची मर्यादा सर्रास असते आणि तिसरं मूल करारानंतर जन्माला येतं. काही देशांत ही माफी उत्पन्न धरून तिच्यावर कर लागतो, म्हणजे हातात न आलेल्या पैशांचा कर हातातल्या पगारातून जातो. आणि ‘जागा असल्यास’ हे दोन शब्द सापडले तर तिथेच थांबून मुलाची जागा, इयत्तेसह, लेखी मागावी.

सगळ्यात जास्त होरपळ होते ती शिकण्यात वेगळी मदत लागणाऱ्या मुलांची. वाचनाची अडचण असेल, लक्ष टिकत नसेल, बोलायला उशीर झाला असेल, तर अनेक आईबाप ते अर्जात लिहीत नाहीत. नोकरी जाईल ही भीती. मग मूल सत्राच्या सुरुवातीला वर्गात बसतं, दीड-दोन महिन्यांत शिक्षकांच्या लक्षात येतं आणि शाळा सांगते की स्वतंत्र मदतनीस हवा, खर्च पालकांचा. तो खर्च कधीकधी माफ झालेल्या फीएवढाच असतो. शाळा नकार देऊ शकते. आईबापांचा दोन वर्षांचा करार मात्र तसाच उभा, आणि मोडला तर विमानभाडं परत करायचं कलम त्यात असतंच. म्हणून मानसशास्त्रज्ञाचा अहवाल सहीच्या आधी पाठवायचा आणि ‘या मुलाला आम्ही घेऊ, अमुक इतके तास मदत देऊ, खर्च अमुक जण करेल’ असं उत्तर लेखी घ्यायचं. नकार आला तर तो घरबसल्या आलेला बरा.

अभ्यासक्रमाचं गणित वयावर चालतं. इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट (आयबी) ही संस्था १९६८ मध्ये जिनिव्हात स्थापन झाली. तिचे टप्पे ३ ते १२, ११ ते १६ आणि १६ ते १९ वर्षं असे आहेत. ब्रिटिश पद्धतीत आयजीसीएसई, म्हणजे साधारण आपल्या दहावीसारखी परीक्षा, १४ ते १६ या दोन वर्षांत होते, पुढे बारावीसारख्या ए-लेव्हलची दोन वर्षं. यावरून एक कडक नियम निघतो: १४ ते १६ किंवा १६ ते १८ हा दोन वर्षांचा तुकडा अर्धवट असताना मुलाला हलवायचं नाही. पहिल्या वर्षातला प्रकल्प, प्रयोगवही, निवडलेले विषय दुसऱ्या शाळेत जसेच्या तसे चालत नाहीत आणि एक वर्ष पाण्यात जातं. आईबापांचा करार मुलाच्या पंधराव्या वर्षी संपणार असेल तर तो आधीच एका वर्षाने लांबवावा किंवा आखडावा.

गणिताचा घोटाळा त्याहून गुपचूप होतो. अमेरिकी शाळांत बरेचदा एक वर्ष बीजगणित, एक वर्ष भूमिती, पुन्हा एक वर्ष बीजगणित असा क्रम असतो. इतर अनेक पद्धतींत सगळं दरवर्षी थोडं थोडं. मध्येच बदल झाला की मूल एक भाग दोनदा शिकतं आणि एक भाग कधीच शिकत नाही. गुणपत्रिकेवर हे दिसत नाही. दोन वर्षांनी त्रिकोणमितीत अडकल्यावर दिसतं. नव्या शाळेत जाण्याआधी जुन्या आणि नव्या पुस्तकांच्या अनुक्रमणिका शेजारी ठेवून गाळलेली प्रकरणं पेन्सिलीने खुणावायची आणि सुट्टीत ती घरी करून घ्यायची. शिक्षक आईबापांना याला एक संध्याकाळ पुरते, तरी फार थोडे जण ते करतात.

भाषेकडे तर डोळेझाकच होते. इंग्रजी शाळेत पाच वर्षं गेली की मूल आजीशी फोनवर ‘हो’, ‘नाही’ आणि ‘बरी आहे’ एवढंच बोलतं. लिहिता येत नाही, वाचता येत नाही, आणि मातृभाषेतलं पवित्र शास्त्र त्याला कुलूपबंद. घरात मातृभाषा हा नियम पहिल्या दिवसापासून हवा; दहाव्या वर्षी सुरू केला तर मूल हट्टाने इंग्रजीत उत्तर देतं. आयबीच्या शेवटच्या दोन वर्षांत शाळेत शिक्षक नसलेल्या भाषेचं साहित्यही स्वयंअध्ययनाने, शाळेच्या देखरेखीखाली, परीक्षेला घेता येतं. ते शाळेकडे मागावं लागतं, आपोआप मिळत नाही.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. जन्मदाखला, विवाहाचा दाखला आणि पदव्यांवर १९६१च्या हेग कराराप्रमाणे अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून मिळणारं सरकारी प्रमाणपत्र, लागतं; करारात नसलेल्या देशासाठी दूतावासाचे शिक्के, ज्यांना जास्त वेळ लागतो. चीनमध्ये हा करार ७ नोव्हेंबर २०२३ पासून लागू झाला, म्हणजे नियम बदलतात आणि दोन वर्षांपूर्वी गेलेल्याचा सल्ला जुना झालेला असू शकतो. दाखल्यावरचं आडनाव आणि पासपोर्टवरचं आडनाव अक्षरशः सारखं हवं. मुलांच्या पासपोर्टची मुदत मोठ्यांपेक्षा कमी असते आणि अनेक देशांना प्रवेशावेळी सहा महिने शिल्लक लागतात.

आता दिवस कसा जातो ते पाहू. शिक्षकाचं मूल शाळेत सगळ्यांच्या आधी येतं आणि सगळ्यांच्या नंतर जातं. सव्वातीनला घंटा झाली की बाकीची मुलं बसकडे पळतात. हे आईच्या वर्गात येतं. आई मीटिंगला. ते शेवटच्या बाकावर दप्तर टाकतं, फळ्यावर दुसऱ्यांसाठी लिहिलेलं वाचतं, खुर्च्या उलट्या करून बाकांवर ठेवतं, कारण आईचं तेवढंच काम कमी होईल. सव्वापाचला दोघं निघतात. आठवड्यातून चार दिवस दोन तास, शालेय वर्षाचे ३६ आठवडे: २८८ तास. त्या तासांत त्याला कोण भेटतं, हा प्रश्न शाळेने करार करतानाच सोडवायला हवा. एक नेमलेली खोली, एक नेमलेला मोठा माणूस, आठवड्यातून दोन दिवस तरी खेळ.

त्या मोठ्या माणसाची पोलीस पडताळणी झालेली हवी. ख्रिस्ती आहे, म्हणजे चांगलाच असेल, या भाबडेपणाची किंमत मिशनच्या निवासी शाळांतल्या मुलांनी मोजली आहे आणि पुढे चौकशी समित्यांपुढे सांगितली आहे. २०१४ मध्ये कित्येक दशकं वेगवेगळ्या देशांतल्या आंतरराष्ट्रीय शाळांत शिकवलेल्या एका शिक्षकाचे गुन्हे उघड झाले आणि बालसुरक्षेसाठी आंतरराष्ट्रीय शाळासंघटनांना एकत्र यावं लागलं. तक्रार कोणाकडे करायची, ती शाळेबाहेर कोणाकडे जाते आणि मागच्या शाळांच्या मुख्याध्यापकांना फोन करून विचारपूस होते का, हे तीन प्रश्न मुलाखतीत विचारावेत. ‘आम्ही इथे एका कुटुंबासारखे आहोत’ एवढंच उत्तर आलं तर ते उत्तर नाही. ख्रिस्ती शाळेत क्षमा हा शब्द तक्रारीच्या आधी आला तर सावध व्हावं.

स्टाफरूमही जपावी लागते. शिक्षकाच्या मुलाबद्दल सहकारी चहाच्या कपावर बोलतात: आज गृहपाठ नव्हता, आज प्रार्थनासभेत झोपला. इतर पालकांना ही गोष्ट महिन्याने कळली असती. इथे ती मधल्या सुट्टीत कळते आणि मुलाला घरी पोहोचण्याआधी बोलणी बसतात. नियम साधे आहेत, पण पाळावे लागतात. मुलाबद्दलचं बोलणं इतर पालकांसारखंच वेळ ठरवून. दुसरी तुकडी असेल तर आईबापांच्या वर्गात स्वतःचं मूल नको. नसेल तर त्याचे पेपर दुसऱ्याने तपासायचे. जिथे बाबाच पवित्र शास्त्राचा तास घेतात, तिथे मुलाची शंका ही घरातली गोष्ट न राहता शाळेची बातमी होते. अशा मुलाला शाळेबाहेरचा, मंडळीतला एक तरी मोठा माणूस हवा, ज्याला ते बेधडक म्हणू शकेल की मला यातलं काहीच पटत नाही. ‘मुलांना चिरडीस आणू नका’ हे इफिसकरांस पत्रातलं वचन पौलाने बापांनाच उद्देशून लिहिलं आहे.

उपासनेचा वारही देशाप्रमाणे बदलतो. कतारमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी, म्हणून मंडळ्या शुक्रवारी जमतात आणि रविवार कामाचा. संयुक्त अरब अमिरातीने १ जानेवारी २०२२ पासून सरकारी आठवडा बदलून शनिवार-रविवार सुट्टी केली, तेव्हा तिथल्या मंडळ्यांना सगळं वेळापत्रक नव्याने मांडावं लागलं. मुलं वाराला पटकन सरावतात. त्यांना खुपतं ते दुसरंच: सुट्टीच्या दोन दिवसांतला एक उपासनेत, दुसरा आईबापांच्या वह्या तपासण्यात.

आणि आता सगळ्यात अवघड भाग. काही देशांत परक्याने धर्मप्रसार करणं हा गुन्हा आहे. तिथे शिक्षकाच्या व्हिसावर जाऊन मनात दुसरंच काम धरणारी कुटुंबं असतात. घरात सांकेतिक शब्द ठरतात: ‘मिशनरी’ म्हणायचं नाही, ‘प्रार्थना’ फोनवर म्हणायचं नाही, बाबांकडे संध्याकाळी कोण येतं ते शाळेत सांगायचं नाही. सात वर्षांच्या मुलाला हे पेलत नाही. त्याला एवढंच कळतं की आपण एक शब्द चुकीचा बोललो तर सगळ्यांना देश सोडावा लागेल आणि दोष आपला. हे ओझं मुलाच्या डोक्यावर ठेवायचा अधिकार कोणत्याही पाचारणाने मिळत नाही. शिक्षकाचा व्हिसा घेतला तर पूर्ण मनाने शिक्षकाचं काम करावं: तास तयार करून जावं, वह्या वेळेत तपासाव्यात, वर्गातल्या मुलांना श्रोते समजू नये, कारण ती उठून जाऊ शकत नाहीत. विश्वास विचारणाऱ्याला मोकळेपणाने सांगावा, कायद्याच्या मर्यादेत. ज्याचं काम खरोखरच लपून केल्याशिवाय होत नाही, त्याने मुलं तिथे नेऊ नयेत.

मायदेशी जाणारं प्रार्थनापत्रकही मुलाच्या वाट्यातून काहीतरी काढून घेतं. देणगीदारांना दर दोन-तीन महिन्यांनी पत्रक जातं. त्यात मुलाचा फोटो, नाव, शाळा आणि ‘त्याला मित्र मिळत नाहीत, रात्री रडतो, प्रार्थना करा’ असा मजकूर. मुलाचं रडणं शेकडो घरांत पोहोचतं. रजेवर आल्यावर अनोळखी काकू मंडळीच्या दारात विचारतात, ‘आता झोप लागते ना रे?’ मग त्याला तिकडचा पोशाख घालून व्यासपीठावर गाणं म्हणायला लावतात. सहा वर्षांवरील प्रत्येक मुलाला त्याच्याबद्दलचं वाक्य पाठवण्याआधी वाचून दाखवावं आणि तो ‘नको’ म्हणाला तर काढावं. शाळेचं नाव आणि चेहरा एकत्र कधीच छापू नये.

यावर जाणकार माणसं एक आक्षेप घेतात, आणि तो हलका नाही. अशी मुलं दोन-तीन भाषा शिकतात, परक्या माणसाला घाबरत नाहीत, जग मोठं पाहतात. १९५०च्या दशकात भारतातल्या अमेरिकी कुटुंबांचा अभ्यास करताना समाजशास्त्रज्ञ रूथ हिल युसीम यांनी अशा मुलांना ‘तिसऱ्या संस्कृतीची मुलं’ हे नाव दिलं. आईबापांची एक संस्कृती, यजमान देशाची दुसरी आणि या दोन्हींच्या मध्ये जगणाऱ्या माणसांची तिसरी. हा वारसा मौल्यवान आहे, मान्य. पण तो आपोआप मिळत नाही. ज्या मुलाला एक भाषा पक्की, एक घर ओळखीचं आणि निरोप नीट मिळाला, त्याला तो लाभतो. बाकीच्यांच्या वाट्याला येते ती नुसती सवय, कोणाशी फार जवळीक न करण्याची, कारण जूनमध्ये, शाळेचं वर्ष संपलं की, कोणीतरी जाणारच.

दुसरा आक्षेप पैशाचा: छोट्या ख्रिस्ती शाळांना हे परवडत नाही. मग त्यांनी जाहिरातीत स्पष्ट लिहावं की ही जागा मुलं असलेल्या कुटुंबासाठी नाही. चार कुटुंबं अर्धवट आधारावर पाठवण्यापेक्षा मंडळीने दोन नीट पाठवावीत. मुलांना घरीच शिकवू, हा उपायही सगळीकडे चालत नाही. जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं आहे आणि घरशाळेला परवानगी नाही. जिथे चालतं तिथेही दिवसभर वर्ग घेऊन आलेली आई संध्याकाळी पुन्हा शिक्षिका होते आणि मुलाला आई उरतच नाही.

अठराव्या वर्षाचाही हिशेब आधी मांडायला हवा. अनेक ठिकाणी त्या वयाला आईबापांच्या व्हिसावरचा आधार सुटतो. परतीच्या देशात पासपोर्ट आपला असला तरी फी परक्याची लागू शकते; इंग्लंडमध्ये स्थानिक फीसाठी साधारणपणे अभ्यासक्रमाआधीची तीन वर्षं तिथलं वास्तव्य दाखवावं लागतं. मूल बारा वर्षांचं असतानाच कुठल्या देशात कोणता नियम आहे ते तपासलं तर हातात सहा वर्षं असतात. सतराव्या वर्षी तपासलं तर कर्ज असतं.

शेवटी निरोप. आंतरराष्ट्रीय शाळा पुढच्या वर्षी राहणार की जाणार हे नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच फॉर्मवर विचारतात. फॉर्म दिला की जाणाऱ्यांची यादी स्टाफरूममध्ये फिरते, तिथून सहकाऱ्यांच्या घरी, तिथून वर्गात. आपण जाणार हे मुलाला वर्गमित्राकडून कळतं. म्हणून फॉर्म भरण्याच्या आधी मुलाशी बोलायचं, फॉर्म दिल्यावर नाही. शेवटचे सहा आठवडे रिकामे ठेवायचे. ज्याच्याशी भांडण झालं त्याच्याशी समेट, ज्यांनी माया लावली त्यांचे आभार, आवडत्या माणसांचा आणि जागांचा प्रत्यक्ष निरोप आणि पुढच्या घराचे, शाळेचे फोटो. हा क्रम या क्षेत्रातल्या माणसांनी अनुभवातून बसवलेला आहे. आईबाप नेमके या आठवड्यांत अहवाल आणि पॅकिंगमध्ये बुडालेले असतात. अहवालांची मुदत अशा शिक्षकांसाठी आठवडाभर आधीची ठेवणं शाळेला काही खर्चाचं नाही.

आणि पाठवणाऱ्या मंडळीने प्रत्येक करारात एक ओळ आग्रहाने घालून घ्यावी, तिच्याशिवाय कोणाचीही सही होऊ देऊ नये: ‘पालकाचा करार कोणत्याही कारणाने संपला, तरी मुलाची वर्गातली जागा आणि फी माफी चालू शैक्षणिक वर्षाच्या शेवटच्या दिवसापर्यंत राहील.’